इंटरफेसवर तापमान मध्येच तुटत असेल तर आधी क्षेत्रफळ तपासा

सीएफडीमध्ये (संगणकावरचं प्रवाहाचं गणित) कॉन्जुगेट हीट ट्रान्सफरची, म्हणजे घन आणि हवा दोन्हींतली उष्णता एकत्र सोडवायची स्टेडी (वेळेनुसार न बदलणारी) केस, गरम अॅल्युमिनियम ब्लॉकवरून हवा वाहतेय. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) मस्त खाली, हीट बॅलन्सही (आत येणारी नि बाहेर जाणारी उष्णता) जुळतोय, तरी ब्लॉक नको तेवढा तापलेला आणि कंटूरमध्ये (तापमानाच्या रंगीत चित्रात) भिंतीवर ठिगळं, मेशच्या (गणितासाठी पाडलेली जाळी) एका फेसला (पृष्ठभागाचा छोटा तुकडा) दोन्ही बाजू सारख्या तर शेजारच्याला घन बाजू तापलेली नि हवेची गार. रिलॅक्सेशन (दर फेरीत उत्तर किती बदलू द्यायचं) कमी केलं, मेश बारीक केली, टर्ब्युलन्स मॉडेल बदललं, ढिम्म फरक नाही. डोकं फिरायची वेळ आली.

मग रिपोर्टमधून इंटरफेसच्या (ब्लॉक नि हवा जिथे भेटतात ती सीमा) दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ काढलं तर ते जुळेना, कारण दोन्हीकडची मेश वेगळी, वक्र कोपऱ्यावर फेस एकमेकांवर बसलेच नव्हते आणि असे उरलेले फेस सॉल्व्हरने गुपचूप झिरो हीट फ्लक्सची (उष्णता अजिबात न जाऊ देणारी) भिंत करून टाकलेले. उष्णता बाकीच्या जागेतून निघतेच ना, म्हणून बॅलन्स बघून काही कळत नाही.

आधी जुना इंटरफेस डिलीट केला, कॅडमध्ये दोन्ही बॉडींचा फेस शेअर्ड केला, मग परत मेश, हवेकडे प्रिझम लेयर (भिंतीलगतचे पातळ थर) घालून वाय प्लस (भिंतीपासून पहिल्या पेशीचं एककरहित अंतर) १ च्या आसपास, शेवटी भिंतीच्या दोन्ही बाजूंना थर्मल कंडिशन कपल्ड (उष्णता एकीकडून दुसरीकडे जाऊ देणारी). रनच्या आधी क्षेत्रफळ पुन्हा बघा, तंतोतंत सारखं आलं पाहिजे. ठिगळं गेली, ब्लॉकचं तापमानही खाली आलं.