पेपरक्लिपने करा लूपची गळती तपासणी

कॉम्प्युटर थंड ठेवण्यासाठी पाणी फिरवणारा नवा वॉटर कूलिंग लूप भरताना एखादं फिटिंग (नळीचा जोड) ठिबकलं, तर पै-पै साठवून घेतलेलं ग्राफिक्स कार्ड जाऊ शकतं. म्हणून आधी एकटा पंप चालवून बघा. महागडा लीक टेस्टर नको, पेपरक्लिप पुरते.

१. मदरबोर्डसह सगळ्या भागांच्या पॉवर केबल काढा; फक्त पंपाची ठेवा.

२. पॉवर सप्लाय बंद असतानाच मदरबोर्डमधून काढलेल्या २४ पिन कनेक्टरमधली हिरवी आणि शेजारची काळी तार क्लिपने जोडा, म्हणजे मदरबोर्डशिवायही तो चालू होईल. सगळ्या तारा काळ्या असतील, तर पिन १६ आणि १७.

३. फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा, रिझर्व्हॉयर (लूपची टाकी) भरा आणि पॉवर सप्लायचं बटण दाबा. पातळी उतरली की लगेच बंद करून पुन्हा भरा.

लूप भरल्यावर काही तास चालू द्या. इथे घाई अजिबात नको.

पंप कोरडा फिरू देऊ नका, खराब होतो.