आधी कोण संपणार?

लिमिटिंग रिएजंटच्या (अभिक्रियेत जो पदार्थ आधी संपतो आणि ती थांबवतो त्याच्या) गणितात ग्रॅमची थेट तुलना करायची नसते, आधी मोल (कणांची संख्या मोजायचं एकक) काढायचे असतात, एवढं मी शिकलो आणि तिथेच थांबलो. ज्याचे मोल कमी तो लिमिटिंग, असं धरून एका परीक्षेत अख्खं गणित घालवलं. म्हणून आता शिकवताना मी पहिलं उदाहरण थर्माइटचं घेतो. रुळांचे सांधे जोडायला वापरतात तीच ही अभिक्रिया. (कागदावरच करा!)

समीकरण असं: २ मोल ॲल्युमिनियम आणि १ मोल फेरिक ऑक्साइड यांच्यापासून १ मोल ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि २ मोल लोखंड. समीकरण संतुलित नसेल तर पुढचं सगळं फुकट.

समजा, ॲल्युमिनियम २१.६ ग्रॅम आहे आणि फेरिक ऑक्साइड ८० ग्रॅम. मोलर वस्तुमानं (एका मोलचे ग्रॅम) अनुक्रमे २७ आणि १६०. भागाकार केला की मोल मिळतात ०.८ आणि ०.५. ऑक्साइड कमी दिसतंय ना? मी इथेच फसलो होतो. ०.५ मोल ऑक्साइड पूर्ण वापरायचं तर ॲल्युमिनियम १ मोल, म्हणजे २७ ग्रॅम हवं. आपल्याकडे तेवढं नाहीच.

म्हणून प्रत्येकाचे मोल त्याच्या सहगुणकाने, म्हणजे समीकरणात त्याच्या आधी असलेल्या आकड्याने, भागा. ०.८ भागिले २ म्हणजे ०.४, ०.५ भागिले १ म्हणजे ०.५. लहान आकडा ॲल्युमिनियमचा, तेच आधी संपणार. इथून पुढे उत्पादितांचा हिशेब फक्त त्याच्यावरून करायचा, ऑक्साइडकडे बघायचंही नाही.

ॲल्युमिनियम आणि लोखंड यांचं प्रमाण २ ला २, म्हणून लोखंड ०.८ मोल. गुणिले ५६, उत्तर ४४.८ ग्रॅम. ऑक्साइडवरून काढलं असतं तर ५६ ग्रॅम आलं असतं. माझ्या पेपरात तेच होतं.

पडताळा मात्र टाळू नका. ॲल्युमिनियम ऑक्साइड ०.४ गुणिले १०२, म्हणजे ४०.८ ग्रॅम. उरलेलं फेरिक ऑक्साइड ०.१ मोल, म्हणजे १६ ग्रॅम. ४४.८, ४०.८ आणि १६ मिळून १०१.६. सुरुवातीचे २१.६ आणि ८० मिळूनही तेवढेच. उरलेला पदार्थ बेरजेत धरायचा राहतो आणि मग उत्तर बरोबर असूनही पोरं खोडत बसतात.

प्रत्यक्षात लोखंड समजा ४० ग्रॅमच हाती आलं, तर ४० भागिले ४४.८, गुणिले १००: उतारा (यील्ड, म्हणजे अपेक्षेच्या तुलनेत हाती आलेलं) साधारण ८९ टक्के.