पियानोची पट्टी अडकली? आधी तेलाची बाटली खाली ठेवा

जुलै लागला की ठाण्यात जुन्या पियानोच्या पट्ट्या रुसतात. दाबली की वर यायचं नाव नाही. नौपाड्यातल्या घरी मीही तेच केलं जे सगळे करतात: शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. आठवडाभर पट्टी लोण्यासारखी चालली. गणपती आले तोवर ती पुन्हा अडकली, आणि तारेवर आपटणाऱ्या हातोडीच्या सांध्यातली पिन बाहेर काढली तर तिच्यावर हिरवा, चिकट थर.

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं ना, तसलाच हा प्रकार. जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची ही सेंटर पिन पितळेची, वर निकेलचा मुलामा. मुलामा झिजला की तेल-चरबीतली आम्लं पितळेतल्या तांब्याला लागतात. पिनेभोवतीचं फेल्ट (लोकरीचं कापड) तेल पिऊन बसतं, ते पुन्हा निघत नाही. साध्या उभ्या पियानोत अशा पिना तीनशेच्या वर असतात, म्हणजे स्प्रे मारत सुटलात तर नासाडी किती ते बघा.

दोष कुठे आहे ते न पाहता काही करू नका. पुढची फळी काढून हातोडी बोटाने ढकला आणि सोडा. आळसावल्यासारखी परतली तर तिची पिन धरलीय. झटकन परतली आणि पट्टीच बाजूंना घासत असेल, तर पट्टीला सरळ धरणाऱ्या, तिच्याखालच्या गाइड पिना बघा.

या गाइड पिनांना पॉलिश पेपर लावणं ही दुसरी चूक. मुलामाच खरवडला जातो. पट्टी उचलून बाजूला ठेवा, कापडावर किंचित मेटल पॉलिश घेऊन पिन पुसा, मग कोरड्या कापडाने कोरडी करा. चिंच-लिंबू देवघरातल्या भांड्यांना ठेवा.

सेंटर पिन मात्र घरी काढायच्या भानगडीत पडू नका (मी पडलो, एक फ्लँज, म्हणजे पिन धरणारा लाकडी तुकडा, तुटली). स्पिरिट-पाण्याचा थेंब दमटपणाने नुसत्या फुगलेल्या फेल्टला उपयोगी पडतो, हिरव्या पिनेला नाही. तिथे पियानो दुरुस्त करणाऱ्यानेच जुनी पिन काढून भोक साफ करायचं, लागलं तर फेल्ट बदलायचं आणि किंचित जाड नवी पिन बसवायची. लाकडात तेल मुरलं असेल तर फ्लँजच नवी.

रात्री एसी आणि दिवसा खाडीकडची खिडकी सताड उघडी, हेही नको. पियानोजवळ आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५५ टक्के उत्तम, पण पावसाळ्यात बाहेर ८०-९० असताना डीह्युमिडिफायर लागतोच. त्याची टाकी रोज रिकामी करायची, भरली की तो बंद पडतो.