शाळा आणि घरांचे विषय महापालिकेच्या सभेत कसे चालतात: सोलापूरच्या नागरिकांसाठी मार्गदर्शन

महापालिकेची एखादी शाळा शेजारच्या शाळेत मिसळली जाणार आहे, किंवा शाळेसाठी राखून ठेवलेल्या मोकळ्या जागेवर निवासी बांधकाम होणार आहे, हे बहुतेक पालकांना आणि रहिवाशांना निर्णय होऊन गेल्यावर कळते. वास्तविक असा प्रत्येक विषय सभागृहात येण्यापूर्वी कितीतरी दिवस कागदावर फिरत असतो आणि सभागृहातून बाहेर पडल्यावरही त्याचे नेमके रूप ठरायचे बाकी असते. त्यामुळे सभेच्या दिवशी प्रेक्षक गॅलरीत बसण्यापेक्षा सभेआधीची विषयपत्रिका वाचणे आणि सभेनंतर ठरावाचे शब्द तपासणे अधिक उपयोगाचे ठरते. हे काम वकिलाचे किंवा पुढाऱ्याचे नव्हे. मराठी वाचता येणारा कोणताही पालक ते करू शकतो, आणि त्याने ते करावे असे मला मनापासून वाटते.

सर्वांत आधी विषय कोणाच्या अखत्यारीतला आहे, याची खात्री करून घ्यावी. सोलापूर महानगरपालिका १ मे १९६४ रोजी अस्तित्वात आली आणि १९९२ मध्ये आसपासची गावे तिच्या हद्दीत आली. त्या गावांना आजही आपण ‘हद्दवाढ भाग’ म्हणतो. बाळे, केगाव, शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव येथील प्राथमिक शाळा आणि बांधकाम परवानगीचे प्रश्न म्हणूनच महापालिकेकडे जातात. याउलट कुंभारी हे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात असल्यामुळे तेथील गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत किंवा रे नगर या मोठ्या घरकुल वसाहतींचे रहिवासी रोजीरोटीसाठी शहरात येत असले, तरी त्यांचे शाळेचे प्रश्न महापालिकेच्या सभागृहात सुटणार नाहीत. त्यासाठी ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद गाठावी लागते. शहरातील खासगी माध्यमिक शाळांवरील देखरेखही जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे असते. म्हाडाच्या घरांसाठी पुणे मंडळ आहे. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनोन्महिने पडून राहतो, म्हणून पहिल्या दिवसाचे हे काम टाळू नये.

महापालिकेचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याप्रमाणे चालतो आणि सभा कशी चालवावी याचे नियम त्याच कायद्याच्या अनुसूचीत दिलेले आहेत. सर्वसाधारण सभा दर महिन्याला किमान एकदा व्हावी लागते. सभेची सूचना सामान्यतः पूर्ण सात दिवस आधी निघते. तातडीच्या प्रसंगी हा अवधी तीन दिवसांवर येऊ शकतो, मात्र अंदाजपत्रकाच्या सभेला ही सवलत नाही. गणपूर्तीसाठी एकूण सदस्यांपैकी एक तृतीयांश सदस्य हजर असावे लागतात, म्हणजे १०२ सदस्यांच्या आपल्या सभागृहात ३४. सभा लोकांसाठी खुली असते. एखादी चर्चा बंद दाराआड घ्यायची असेल, तर तसा ठराव उपस्थित सदस्यांच्या बहुमताने करावा लागतो. नागरिकाला तेथे बोलण्याचा अधिकार नाही, परंतु बसून ऐकण्याचा आणि टिपून घेण्याचा अधिकार आहे, आणि गॅलरीत पालक बसलेले असले की सभागृहातील चर्चाही अधिक नेमकी होते.

स्थायी समिती सोळा सदस्यांची असते आणि तिची बैठक आठवड्यातून एकदा व्हावी अशी तरतूद आहे. ठरावीक मर्यादेपुढील ठेके, खर्च आणि अंदाजपत्रकाची पहिली छाननी तेथे होते. शाळेची इमारत दुरुस्त करण्याचा विषय सर्वसाधारण सभेत शोधूनही सापडत नसेल, तर तो स्थायी समितीपुढे गेला आहे का, हे पाहावे.

विषय सभागृहापर्यंत पोहोचतो कसा, हे समजून घेतले म्हणजे आपण कोठे हात घालायचा हेही कळते. शिक्षणाच्या बाबतीत पहिली पायरी शाळेतच असते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ प्रमाणे महापालिकेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा तयार करणे हे याच समितीचे काम आहे. सोलापुरात महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या आहेत, त्यामुळे ‘पटसंख्या कमी आहे, मुले जवळच्या शाळेत पाठवावीत’ हे वाक्य येथे वरवर दिसते तितके सरळ नसते: जवळची शाळा दुसऱ्याच माध्यमाची असू शकते. पूर्व भागातील तेलुगू माध्यमाची शाळा मिसळायची असेल, तर त्याच माध्यमाची पुढची शाळा किती अंतरावर आहे हा पहिला प्रश्न असला पाहिजे. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा उपलब्ध असावी, असा राज्याच्या नियमांचा दंडक आहे. व्यवस्थापन समितीने हे अंतर प्रत्यक्ष चालून पाहावे, वाटेत महामार्ग किंवा रेल्वे रूळ ओलांडावे लागतात का याची नोंद करावी, मुलांची इयत्तावार संख्या लिहावी आणि तसा ठराव आपल्या इतिवृत्तात घ्यावा. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने हा ठराव महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे गेला, की प्रशासनाला आपल्या अभिप्रायात त्याकडे सहसा दुर्लक्ष करता येत नाही. दहा जणांच्या सह्यांचे निवेदन आणि व्यवस्थापन समितीचा ठराव यांच्या वजनात फार फरक आहे.

शिक्षण विभागाचा प्रस्ताव आयुक्तांच्या मान्यतेने नगरसचिवांकडे, म्हणजे सभेचे कामकाज सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जातो आणि तेथे विषयपत्रिका तयार होते. विषयपत्रिकेतील मजकूर एका ओळीचा आणि ठरावीक साच्याचा असतो. उदाहरणादाखल, ‘मनपा शाळा क्रमांक अमुक ही शाळा क्रमांक तमुकमध्ये समायोजित करणेबाबत प्रशासनाकडील पत्रावर विचार करणे’ असे लिहिलेले असते. यातील ‘प्रशासनाकडील पत्र’ हाच खरा विषय असतो. कोणत्या शाळेची इमारत रिकामी होणार, तिचे पुढे काय करायचे, शिक्षक कोठे जाणार, हे सर्व त्या पत्रात आणि त्याच्या जोडपत्रांत असते. आपल्या प्रभागातील नगरसेवकांकडे विषयपत्रिका आणि जोडपत्रे आलेली असतात. सभेच्या किमान चार दिवस आधी त्यांच्याकडे जाऊन ती वाचून घ्यावीत आणि आपले म्हणणे एका पानात लिहून द्यावे. भाषण लिहून देऊ नये, उपसूचना म्हणजे मूळ प्रस्तावात बदल सुचवणारे वाक्य लिहून द्यावे. ‘पुढील शैक्षणिक वर्षापासून, त्याच माध्यमाची शाळा एक किलोमीटरच्या आत असल्याची खात्री करून आणि रिकाम्या होणाऱ्या इमारतीचा वापर शैक्षणिक कामासाठीच ठेवून मान्यता देण्यात यावी’ अशी एका वाक्याची उपसूचना अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा अधिक काम करते, कारण ती मंजूर झाली तर ठरावाचा भाग होते आणि भाषण फक्त इतिवृत्तात राहते.

सभा सुरू झाल्यावर मागील इतिवृत्त कायम केले जाते, आणि मग विषय अनुक्रमाने पुकारले जातात. महापौर पीठासीन असतात. सूचक सूचना मांडतो, अनुमोदक अनुमोदन देतो, उपसूचना येतात, प्रशासन खुलासा करते. आयुक्तांना चर्चेत भाग घेता येतो, परंतु मत देता येत नाही. मते समसमान पडली, तर पीठासीन अधिकाऱ्यांना निर्णायक मताचा अधिकार आहे. हात वर करून झालेल्या मतदानावर समाधान नसेल, तर सदस्य पोल मागू शकतात, आणि पोल झाला की कोणी कोणत्या बाजूने मत दिले हे नावानिशी नोंदले जाते. शाळेच्या जागेचा विषय असेल, तेव्हा आपल्या नगरसेवकांना पोल मागण्याची विनंती आधीच करून ठेवावी.

गॅलरीत बसणाऱ्याने काही शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘मान्य’ म्हणजे प्रस्ताव जसाच्या तसा मंजूर. ‘उपसूचनेसह मान्य’ म्हणजे बदल करून मंजूर. कोणत्या उपसूचनेसह, हे त्याच क्षणी टिपून घ्यावे. ‘फेरसादर’ म्हणजे प्रशासनाने सुधारून पुन्हा आणावा. ‘दप्तरी दाखल’ झालेला विषय बहुधा पुन्हा वर येत नाही. आणि ‘सभा तहकूब’ झाली म्हणजे विषय संपला, असे समजून घरी जाऊन निर्धास्त राहू नये. तहकूब सभेला सात दिवसांच्या नव्या सूचनेचे बंधन नसते, त्यामुळे तीच विषयपत्रिका थोड्याच दिवसांत पुन्हा पुकारली जाऊ शकते. पुढील तारीख नगरसचिव कार्यालयात त्याच दिवशी विचारून घ्यावी.

घरांच्या विषयांत मात्र अधिक सावध राहावे लागते, कारण ‘घरांचा विषय’ या एकाच नावाखाली घरकुल योजना आणि जमीन अशा निरनिराळ्या गोष्टी येतात. प्रधानमंत्री आवास योजनेचा लाभार्थी सर्वसाधारण सभा निवडत नाही. महापालिका पात्रता तपासून प्रकल्प अहवाल तयार करते आणि मंजुरी राज्य व केंद्र पातळीवरील समित्यांकडून येते. म्हणून ‘सभेत नाव घालून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. सभेच्या हाती जे असते ते जमिनीविषयी असते: महापालिकेची जागा भाडेपट्ट्याने देणे किंवा विकणे, आरक्षित जागा संपादित करणे, आणि आरक्षणात बदल सुचवणे.

शाळा आणि घर हे दोन विषय एकमेकांना भिडतात ते येथे, आणि नागरिकांचे सर्वाधिक नुकसानही येथेच होते. विकास आराखड्यात एखादी खासगी जागा प्राथमिक शाळेसाठी किंवा क्रीडांगणासाठी आरक्षित असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जागा संपादित झाली नाही, तर जमीनमालक महापालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत जागा संपादित झाली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि मालकाला शेजारच्या जमिनीप्रमाणे विकास करता येतो. मालकाचीही यात चूक नसते. वर्षानुवर्षे अडकलेली जमीन त्याने किती काळ तशीच ठेवावी? परंतु जुळे सोलापूरसारख्या झपाट्याने भरलेल्या भागात शाळेसाठी दुसरी मोकळी जागा पुन्हा मिळत नाही. खरेदी नोटिशीचा विषय विषयपत्रिकेवर आला आणि निधी नाही म्हणून दोनदा तहकूब झाला, तर कोणीही विरोधात मत न देता ती जागा हातची जाऊ शकते. म्हणून अशा विषयात दोन तारखा विचाराव्यात: नोटीस कधी मिळाली आणि चोवीस महिने कधी पूर्ण होतात. त्यानंतर अंदाजपत्रकात भूसंपादनासाठी तरतूद आहे का, हे विचारावे. मुदत तोंडावर आली असताना ‘तहकूब’ या शब्दाचा अर्थ प्रत्यक्षात नकारच होतो.

आरक्षण जाण्याचा दुसरा मार्ग त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालील फेरबदलाचा आहे. यात महापालिका आरक्षण बदलण्याचा ठराव करते, मग राजपत्रात आणि वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवते, त्यासाठी एक महिन्याची मुदत असते, हरकतदारांना सुनावणी दिली जाते आणि प्रस्ताव शासनाकडे अंतिम मंजुरीसाठी जातो. सभेत ठराव झाला म्हणजे सारे संपले असे समजून लोक येथे हातपाय गाळतात, आणि हरकतीचा महिना निघून जातो. हरकत साध्या कागदावर देता येते. तिच्यात गट किंवा सर्व्हे क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, परिसरातील मुलांची संख्या आणि जवळच्या शाळेचे अंतर लिहावे, सुनावणीची मागणी स्पष्ट शब्दांत करावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ‘आमचा तीव्र विरोध आहे’ एवढेच लिहिलेली शंभर पत्रे एका मुद्देसूद हरकतीची जागा घेऊ शकत नाहीत.

सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकांनी वापरले. त्या काळातील एखाद्या शाळेचा किंवा जागेचा निर्णय शोधत असाल, तर तो सभेच्या इतिवृत्तात मिळणार नाही. प्रशासकांच्या ठरावांची नोंद मागावी लागेल.

सभेनंतर ठरावाची प्रत मिळवणे हे शेवटचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. नगरसचिव कार्यालयातील इतिवृत्ताचे पुस्तक शुल्क भरून पाहता येते. प्रत मिळण्यात अडचण आली, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा, ज्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात ‘शाळेविषयी सर्व माहिती’ असे न लिहिता सभेची तारीख, विषय क्रमांक, मंजूर ठराव, सर्व उपसूचना आणि प्रशासनाचे मूळ पत्र एवढेच मागावे. प्रत हाती आल्यावर गॅलरीत टिपून घेतलेल्या उपसूचनेशी ती शब्दशः ताडून पाहावी. फरक आढळला, तर पुढील सभेत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी आपल्या नगरसेवकांमार्फत लेखी दुरुस्ती सुचवावी. ठराव कायद्याशी किंवा लोकहिताशी विसंगत असेल, तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ प्रमाणे तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. त्यासाठीचे निवेदन नगरविकास विभागाच्या नावे लिहावे, ठरावाची प्रत आणि व्यवस्थापन समितीचा ठराव सोबत जोडावा आणि त्याची एक प्रत आयुक्तांनाही द्यावी.