राखण करायची म्हणजे नेमकं काय करायचं

माझं माहेर वसईचं आणि सासर गोव्यातल्या चोडण बेटावरचं. बारा वर्षं आमच्या चर्चच्या युवा गटाबरोबर काम करतेय. बाकीच्या गावांतून युवा गट सांभाळणाऱ्या बायका-पुरुष विचारतात, मुलांना बायबल आणि हवामानबदल एकत्र कसं सांगायचं? त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सुरुवात हॉलमध्ये करू नका, नदीकाठच्या शेतांच्या बांधावर करा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून, मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर तासाभरात पाणी उतरत असेल असा रविवार धरा. दहा-बारा मुलं पुरेत. मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजापाशी, उभं राहून उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलं पंधरावं वचन वाचा, तेवढंच. देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. 'राखण' या शब्दावर थांबा. शेजारच्या हिंदू घरांतला राखणदार आपल्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असतो, त्यामुळे या शब्दाचं वजन त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

मग मानस दाखवा. खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. नदीचं खारं पाणी अडवतो तो बांध, आणि पाणी आत-बाहेर करते ती मानस. ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या दाबाने तिच्या लाकडी फळ्या बाहेर ढकलल्या जातात, भरती चढली की नदीचं पाणी त्याच फळ्या मिटवून टाकतं. वीज नाही, मोटर नाही. मुलांना फळीवर हात ठेवून तो दाब जाणवू द्या. माझ्या गटातली बारावीतली एक मुलगी रोज फेरीबोटीने कॉलेजला जायची, पण बांधावर पहिल्यांदाच आली होती. पाचेक मिनिटं ती फळीला हात लावून गप्प उभी होती.

यानंतर विषय येतो न्यायाचा, आणि इथेच बहुतेक गट झाडं लावून मोकळे होतात. मानशीच्या तोंडाशी जाळं लावून कोळंबी धरायचा हक्क दरवर्षी लिलावात जातो. त्या पैशांतून बांधाची डागडुजी व्हायची, अशी जुनी रीत. पण जास्त मासळीच्या आशेने कोणी भरतीच्या वेळी फळ्या उघड्या ठेवल्या, तर खारं पाणी शेतात शिरतं आणि कोरगुटासारखं खारं सोसणारं भातसुद्धा टिकत नाही. आता समुद्राची पातळी वाढतेय, म्हणजे त्याच बांधावर पाण्याचा भार वाढणार. मुलांना विचारा: बांध फुटला तर नुकसान कोणाचं? जमिनीच्या मालकाचं, कुळाचं, की रोजंदारीवर कापणीला येणाऱ्या बाईचं? उत्तर तुम्ही देऊ नका. त्यांनाच त्या तिघांकडे जाऊन विचारून येऊ द्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितलं. ते वाचायचं तर या भेटींनंतर वाचा, आधी नको.

आमची एक चूक सांगते. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने कांदळाच्या शेंगा गोळा करून खारफुटी लावली, आणि ती बांधाच्या आतल्या अंगाला लावली. दोन दिवसांनी मानस सांभाळणारे काका रोपं उपटत होते. मी धावत गेले. ते म्हणाले, "बाय, ही बाहेर लाव, लाटा अडवील. आत वाढली तर शेत गेलं. मोठी झाली की कायदा हात लावू देणार नाही." खरं होतं त्यांचं. तेव्हापासून आमचा नियम आहे की ज्याचं पोट त्या जमिनीवर आहे त्याला विचारल्याशिवाय काही लावायचं नाही, उपटायचं नाही, साफ करायचं नाही.

वर्षाचं वेळापत्रक चर्चच्या कॅलेंडरवरच बेतावं. सांजांवला, म्हणजे २४ जूनच्या संत जॉनच्या सणाला, मुलं विहिरीत उड्या घेतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेऊन वाड्यावरच्या विहिरी तपासा आणि दरवर्षीचे आकडे एकाच वहीत लिहा. वसईत टँकरच्या उपशाने विहिरी खाऱ्या झालेल्या मी लहानपणी पाहिल्यात. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर हरित वसईच्या पर्यावरण आंदोलनासाठी रस्त्यावर उतरलेल्यांत माझे वडीलही होते. आपल्या विहिरीच्या पाण्याची चव बदलली हे लोकांना माहीत होतं म्हणून ते उठले. ऑगस्टमध्ये कणसांच्या फेस्ताला (नव्या भाताच्या सणाला) पहिलं कणीस कापतात, तेव्हा ते कोणाच्या शेतातलं, आणि आजूबाजूची किती शेतं पडीक, याचा नकाशा मुलांकडून करून घ्या. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ जगभर पाळतात. तेव्हा श्रद्धावंतांच्या प्रार्थना मुलांनीच लिहाव्यात. "निसर्गाचं रक्षण कर" असं गुळमुळीत चालवून घेऊ नका. कुठला बांध, कुठली विहीर, कोणाचं शेत, हे वेदीसमोर नावाने यायला हवं. फेस्ताच्या जेवणात प्लास्टिक नको, हे आहेच.

अठरा पूर्ण झालेल्या, मतदारयादीत नाव असलेल्या मुलांना ग्रामसभेत न्या. ती तिथली सदस्यच असतात, पण त्यांना ते कोणी सांगितलेलं नसतं. प्रश्न एकच, लेखी, आधी दिलेला, सोबत फोटो आणि सर्व्हे नंबर. उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा. आमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. पुढच्या सभेला मुलांनी तोच प्रश्न पुन्हा दिला, आणि तिसऱ्यांदा मोजणी करायला माणूस आला.

पावसाळ्यात पाळी लावा. बांध फुटायची सुरुवात बऱ्याचदा कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) बिळांतून होते. अंगठ्याएवढं भोक असतं, त्यातून आत येणारं पाणी आधी नितळ असतं. ते गढूळ झालं की बांधाची माती वाहून जातेय असं समजा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी दोघादोघांनी आपापला तुकडा चालून बघायचा, एकट्याने कधीच नाही आणि भरती चढत असताना तर नाहीच. बीळ दिसलं की फोटो काढून काकांना व्हॉट्सअॅप करायचा. चिखल आणि पेंढा घेऊन ते येतात, आणि भोक कसं बुजवायचं ते आता मुलं त्यांच्याकडूनच शिकताहेत.