टॅक्स-हिशोबाच्या सल्लागाराला भेटायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

सगळ्यात आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर लिहा की आपण सल्लागाराकडे नेमकं कशासाठी चाललोय. हे पहिलं सांगतोय कारण बरेच जण जाडजूड फाईल घेऊन जातात, तासभर बोलतात, आणि घरी आल्यावर आठवतं की अरे, जे विचारायचं होतं ते तर राहूनच गेलं. "टॅक्स फार जातो", "पैसे पुरत नाहीत" असं मोघम लिहू नका, त्यातून काहीच निघत नाही. "विक्री वाढली तरी पगाराच्या वेळी पैसे कमी का पडतात", "मशीन कर्ज काढून घेऊ की भाड्याने", "संस्थेने ट्रेनिंगची फी घ्यायला सुरुवात केली तर करसवलतीला धक्का लागेल का" असं लिहा. तीन प्रश्न पुरे, सात-आठ झाले की शेवटच्या चारांना वेळच मिळत नाही.

मग बँक. धंद्याची असो की संस्थेची, जेवढी खाती आहेत तेवढ्या सगळ्यांची पूर्ण वर्षाची स्टेटमेंट काढा, मधेच बंद केलेलं खातं, क्रेडिट कार्ड, ऑनलाइन पेमेंटचं वॉलेट आणि घाईगडबडीत ज्या पर्सनल खात्यातून धंद्याचे पैसे फिरवले तेही. मोबाईलचे स्क्रीनशॉट चालत नाहीत, पीडीएफ काढा आणि जमलं तर एक्सेलमध्येही घ्या, म्हणजे समोरच्याला आकडे परत टाईप करावे लागत नाहीत. आणि स्टेटमेंट नुसतं नेऊन ठेवू नका, आपल्या वहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक जुळवून न्या. फरक येणारच, त्याची नेहमीची कारणं म्हणजे दिलेला पण अजून न वटलेला चेक, बँकेने परस्पर कापलेले चार्जेस, जमा झालेलं व्याज, किंवा एकच बिल दोनदा चढवलेलं. तरीही फरक राहिला तर दोन जुन्या युक्त्या आहेत ज्या मला अजून उपयोगी पडतात. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, म्हणजे ५,४६३ च्या जागी ५,६४३ लिहिलं तर फरक १८० चा येतो आणि १८० ला ९ ने भाग जातो. आणि फरक १,२०० असेल तर ६०० ची एखादी नोंद शोधा जी जमेच्या जागी नावे टाकली गेलीय, कारण उलट्या बाजूला टाकलेली रक्कम फरक दुप्पट करते.

एवढं करूनही काही नोंदी कळणार नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद इथेच तयार होतो. न कळलेल्या नोंदींची वेगळी यादी करा, तारीख, रक्कम, कुणाला गेले किंवा कुणाकडून आले, आणि आपल्याला काय वाटतं ते. लोक नेमकं उलटं करतात, भेटायच्या आदल्या रात्री बसून सगळ्या अनोळखी रकमा "किरकोळ खर्च" मध्ये ढकलून देतात म्हणजे हिशोब कसा स्वच्छ दिसतो. पण सल्लागार त्या स्वच्छ दिसणाऱ्या आकड्यांवरच पुढचं सगळं उभं करतो, टॅक्सचा अंदाज, कर्जाचा अर्ज, पुढच्या वर्षाचं बजेट, आणि खालचा आकडाच चुकला असेल तर चूक वरपर्यंत जाते. ही यादी फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. लाज वाटायचं काही कारण नाही, मी इतके हिशोब बघितले पण अशी यादी निघाली नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. शिवाय चूक तुम्ही स्वतःहून आधी दाखवली तर बऱ्याच देशांत दंड कमी बसतो, कर खात्याने शोधून काढली तर जास्त.

आता धंदेवाल्यांसाठी. मालकाचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळा करून न्या. मालकाने धंद्यात घातलेले पैसे विक्री नव्हे, आणि घरासाठी काढलेले पैसे खर्च नव्हे, हे दोन्ही चुकीच्या जागी पडलं की नफ्याचा आकडाच खोटा होतो. कर्जाचंही तसंच, हप्ता भरला की सगळा हप्ता खर्चात टाकायची सवय असते, पण त्यातलं व्याज तेवढं खर्च, मुद्दल म्हणजे आपलं देणं कमी झालं एवढंच. म्हणून प्रत्येक कर्जाचा हप्त्यांचा तक्ता बँकेकडून मागून घ्या, त्यात दोन्ही वेगळं दिलेलं असतं.

येणी-देणीची यादी नुसत्या नावांची नको, किती दिवस झाले ते हवं, ३० दिवसांच्या आतली, ३० ते ६०, ६० ते ९० आणि ९० च्या पुढची. "विक्री आहे पण पैसा नाही" याचं उत्तर बहुतेक वेळा या एका पानावर सापडतं. साधं बघा, ७० ला रोखीने माल घेतला आणि १०० ला उधारीवर विकला, तर वहीत ३० नफा आहे आणि हातातून मात्र ७० गेलेत, आणि ज्या पद्धतीत विक्री बिलाच्या तारखेला धरतात तिथे त्या न मिळालेल्या नफ्यावरही टॅक्स लागू शकतो. याच्याच जोडीला तीन आकडे काढून न्या: माल सरासरी किती दिवस पडून राहतो, गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देतं, आणि सप्लायर आपल्याला किती दिवसांची सवड देतो. पहिले दोन मिळवा, त्यातून तिसरा वजा करा. माल ४५ दिवस, गिऱ्हाईक ६०, सप्लायर ३०, म्हणजे ७५ दिवस तुमचा पैसा अडकलेला असतो, आणि विक्री जेवढी वाढवाल तेवढा जास्त अडकतो. हे एकदा कळलं की कर्ज काढायचं की वसुली आवळायची हा प्रश्न वेगळाच दिसायला लागतो. पुढच्या १३ आठवड्यांचा, म्हणजे एका तिमाहीचा, पैसे कधी येणार कधी जाणार असा आठवड्यावार अंदाज करता आला तर फारच छान, कच्चा असला तरी चालेल, निदान कुठल्या आठवड्यात चणचण आहे ते आधी दिसतं.

मशीन, गाड्या, कॉम्प्युटर, फर्निचर यांची यादी, कधी घेतलं, कितीला, बिल कुठेय. ५ वर्षं चालणारी ५०० ची वस्तू घेतली तर पैसे आज ५०० गेले पण समान घसारा धरला, म्हणजे वस्तूची किंमत तिच्या वर्षांत सारखी वाटून खर्चात टाकली, तर खर्च दर वर्षी १०० च दिसणार, आणि टॅक्सच्या नियमात घसाऱ्याचा दर आणखी वेगळा असू शकतो, म्हणून वहीतला नफा आणि टॅक्सचा नफा जुळला नाही की घाबरू नका, फक्त दोन्हीत फरक कुठून आला ते विचारून घ्या. मोठी दुरुस्ती केली असेल तर त्याचं बिल बाजूला काढा, नुसती दुरुस्ती आणि वस्तूचं आयुष्य वाढवणारं काम यांना हिशोबात वेगळी वागणूक मिळते.

टॅक्सचे कागद म्हणजे मागच्या तीन वर्षांची भरलेली रिटर्न्स, नुसती रिटर्न्स नाही तर भरल्याची पोचही, आणि टॅक्स भरल्याच्या पावत्या. एखाद्या वर्षी तोटा झाला असेल तर ते आवर्जून सांगा, बऱ्याच ठिकाणी तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो पण काही देशांत त्याला रिटर्न वेळेत भरलेलं असायची अट असते. गिऱ्हाईकाकडून घेतलेला विक्रीवरचा कर आणि कामगारांच्या पगारातून कापलेला कर हे पैसे आपले नाहीत, ते सरकारचे म्हणून आपल्याकडे थोडे दिवस ठेवलेले असतात, तर त्यातले किती भरले किती राहिले हे वेगळ्या कागदावर काढा. चणचण आली की पहिला हात याच पैशाला लागतो आणि पुढे तेच सगळ्यात महाग पडतं. आणि नोटीस आली असेल तर ती सगळ्यात आधी दाखवा, कितीही जुनी असली तरी, कशी आणि कुठल्या तारखेला मिळाली त्यासकट, कारण उत्तराची मुदत बऱ्याचदा तिथूनच मोजतात.

संस्थावाल्यांनो, तुमचं थोडं वेगळं आहे आणि मला यावर जरा जास्त बोलायचंय. संस्थेने शिल्लक ठेवणं म्हणजे काहीतरी चूक आहे असं अनेक विश्वस्तांना वाटतं. तसं नाहीये, ना-नफा म्हणजे उरलेला पैसा कुणी सभासदांनी किंवा विश्वस्तांनी वाटून घ्यायचा नाही, तो संस्थेच्या कामालाच लागला पाहिजे. तेव्हा शिल्लक लपवायला वर्षाच्या शेवटी उगाच खरेदी करू नका, पैसे कशासाठी राखलेत त्याचा ठराव मात्र करा.

दुसरी गोष्ट म्हणजे अटीचा पैसा, देणाऱ्याने ठरावीक कामासाठीच दिलेला. प्रत्येक अनुदानाचं, मोठ्या देणगीचं पत्र शोधा आणि एक तक्ता करा, कुणी दिले, किती, कशासाठी, कुठल्या तारखेपर्यंत खर्चायचे, आतापर्यंत किती खर्चले, रिपोर्ट कधी द्यायचाय. एका छोट्या संस्थेचा हिशोब बघताना मी हे फार वाईट पद्धतीने शिकलो. वाचनालयाच्या पुस्तकांसाठी पैसे आले होते, खातं एकच, दुसरी देणगी लांबली म्हणून दोन महिन्यांचे पगार त्यातून गेले, सगळ्यांना वाटलं की भरून काढू. कुणी एक पैसा घरी नेला नव्हता, पण देणगीदाराने हिशोब मागितला तेव्हा पुस्तकं नव्हती आणि पैसेही नव्हते, आणि अतिशय प्रामाणिक माणसांना मान खाली घालून बसावं लागलं. तेव्हा मी तो तक्ता आग्रहाने मागितला असता तर हे पहिल्याच महिन्यात दिसलं असतं. म्हणून बँकेतली शिल्लक सांगताना दोन भागात सांगा. खात्यात ९०० आहेत, त्यातले ६०० अटीचे, तर तुमच्या हातात ३०० आहेत, आणि महिन्याचा खर्च १०० असेल तर तुमची संस्था ३ महिने तग धरेल, ९ नाही.

वस्तूरूपात आलेल्या देणग्यांची नोंद, दिलेल्या पावत्यांची पुस्तकं (रद्द केलेल्या पावत्या फाडून टाकू नका, त्याही लागतात), आणि फी, विक्री, हॉलचं भाडं असं काही उत्पन्न असेल तर ते देणग्यांपासून वेगळं, कारण मूळ कामाशी संबंध नसलेल्या उत्पन्नावर कर लागतो असे नियम अनेक देशांत आहेत. ऑफिसचं भाडं, हिशोबनीसाचा पगार हे कुठल्या प्रकल्पात किती धरलं आणि कुठल्या हिशोबाने, ते लिहून ठेवा, अंदाजे टाकलं असेल तर अंदाजे असंच सांगा. कार्यकारी मंडळाच्या मीटिंगची इतिवृत्तं सह्यांसकट. एखाद्या विश्वस्ताच्या नातेवाइकाकडून माल घेतला, जागा भाड्याने घेतली, तर तो व्यवहार स्वतःहून सांगा, दर योग्य होता हे दाखवणारी दुसरी कोटेशन्स आणि त्या विश्वस्ताने मतदान केलं नाही असा ठराव असेल तर प्रश्न बहुतेक तिथेच मिटतो.

आता एक पान दोघांसाठीही: पैसा कुणाच्या हातातून जातो. बिल कोण मंजूर करतं, पैसे कोण पाठवतं, नोंद कोण करतं, बँक कोण जुळवतं. चारही ठिकाणी एकच नाव आलं तर तो माणूस कितीही विश्वासाचा असो, ही रचना त्याच्यावरही अन्याय करते, कारण उद्या काही गडबड झाली तर त्याच्याकडे स्वतःला निर्दोष दाखवायला काहीच नसतं. "आमचं ऑडिट होतं ना" असं म्हणून हे टाळू नका. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स ही संस्था दर दोन वर्षांनी अफरातफरीच्या प्रकरणांचा अहवाल काढते, त्यांच्या २०२४ च्या अहवालात ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी येऊन सांगितल्यामुळे उघडकीला आली होती आणि बाहेरच्या ऑडिटमुळे फक्त ३ टक्के. माणसं कमी असतील तर निदान बँक स्टेटमेंट दर महिन्याला मालकाने किंवा एखाद्या विश्वस्ताने स्वतः उघडून बघावं, एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

सल्लागारालाही विचारायचे प्रश्न असतात, ते लिहून न्या. कामात काय येतं काय येत नाही, फी कशी धरणार, आपलं काम प्रत्यक्ष कोण करणार, मुदत चुकली तर जबाबदारी कुणाची, आणि हे सगळं लेखी मिळेल का. जो तुमची वही लिहितो त्यालाच त्या वहीचं ऑडिट करायला लावू नका, स्वतःचं काम स्वतः तपासण्याला अर्थ नसतो. बँकेचा पासवर्ड देऊ नका, फक्त बघता येईल असा वेगळा लॉगिन बऱ्याच बँका देतात. आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या फॉर्मवर, "नंतर भरतो" म्हणून सही करायची नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

जायच्या दिवशी मूळ कागद घरी ठेवून प्रती न्या, मूळ दिलेच तर काय काय दिलं त्याची यादी करून पोच घ्या. शक्य असेल तर रोजचा हिशोब जो बघतो त्याला सोबत न्या, कारण "हे बिल कसलं" याचं उत्तर त्यालाच माहीत असतं. आणि परत आल्यावर त्याच दिवशी, डोक्यात ताजं असताना, काय ठरलं, कुणी करायचं, कुठल्या तारखेपर्यंत, एवढं चार-पाच ओळींत लिहून सल्लागाराला पाठवा आणि "मी बरोबर समजलोय ना" असं विचारा.