जुन्या पान्यावरचा नंबर कसा वाचावा

डिचोली-फोंड्याकडच्या जुन्या गॅरेजातला किंवा भंगारातला पाना हाती आला, तर त्यावरचा आकडा मिलिमीटरचाच असेल असं धरून चालू नका. मुरगावची मीटरगेज रेल्वे ब्रिटिश कंपनीने बांधली, खाणींवर अमेरिकी यंत्रं आली आणि पोर्तुगीज राजवटीत मापं मेट्रिक होती. त्यामुळे आपल्याकडे एकाच पेटीत तिन्ही पद्धतींचे पाने निघू शकतात.

आधी पाना साफ करा. डिझेलमध्ये रात्रभर बुडवून पितळी ब्रशने घासा. ग्राइंडर मात्र लावू नका. खाऱ्या हवेने आधीच झिजलेले अंक त्याने कायमचे जातात. पाना कोरडा झाला की दांड्यावर पांढरा खडू घासून वरवर पुसा. ठोकलेल्या अंकांच्या खाचांत खडू राहतो आणि ते स्वच्छ वाचता येतात.

आता अंकाकडे न बघता व्हर्नियर कॅलिपरने तोंड मोजा. सगळा उलगडा इथेच होतो. पान्यावर १/२ लिहिलंय आणि तोंड १२.७ मिमी भरलं, तर ते अर्धा इंच ए.एफ., म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर. त्याच १/२ च्या पान्याचं तोंड २३.४ मिमीच्या आसपास भरलं, तर तो व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली मांडलेल्या या पद्धतीत आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाचा नव्हे. बी.एस.एफ. (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, म्हणजे बारीक आट्यांच्या) बोल्टचं डोकं तेवढ्याच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टपेक्षा एक माप लहान असतं, म्हणून अशा पान्यावर ‘१/४ डब्ल्यू’ आणि ‘५/१६ बी.एस.’ अशी दोन्ही नावं एकाच तोंडाला दिसतात. तोंड साधारण १३.३ मिमी. १३ मिमीच्या नटाला तो बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात.

माप आणि आकडा अजिबात जुळत नसेल, तर तो मॉडेल नंबर समजा. जुन्या अमेरिकी दुतोंडी पान्यांवरचे २५, २७, २९ हे असेच नंबर; २७ म्हणजे २७ मिमी नव्हे. स्नॅप-ऑन या अमेरिकी कंपनीच्या ओ.ई.एक्स. मालिकेत मात्र अक्षरांपुढचा आकडा ३२ने भागायचा: ओ.ई.एक्स. २४ म्हणजे २४/३२, अर्थात पाऊण इंच.

स्क्रू पान्यांत नंबर लांबी सांगतो. स्वीडनच्या बाहकोचा ८०७१ आठ इंची, ८०७२ दहा इंची, ८०७३ बारा इंची. आपल्या टापारियाचे ११७१, ११७२, ११७३ त्याच क्रमाने जातात. पाईप पान्यावरचा १४ म्हणजे सहसा चौदा इंच लांबी.

दांड्यावरचं एकटं, वेडंवाकडं अक्षर बहुधा साच्याची किंवा कारखान्याची खूण असते. ते सोडून द्या. शेवटी मोजलेलं माप मिलिमीटरमध्ये ऑइलपेंटने दांड्याच्या मागच्या बाजूला लिहा, मूळ अंकांवर रंग चढू न देता.